संन्याशाचा तिसरा पंथ

संन्याशानें किती जोरानें मारावें, या प्रश्नावर आमच्या घरांत गेले आठ महिने खल चालला आहे. प्रश्न धर्मशास्त्राचा असता तर बरें झालें असतें; दोन ग्रंथ चाळून मी मोकळा झालों असतों. पण तो संगणकावरच्या एका खेळाचा आहे, आणि त्याच्या उत्तरावर माझ्या मुलाचें पुढचें एक वर्ष, त्याच्या मित्राच्या वडिलांनीं दिलेली रक्कम आणि तीन तरुण माणसांची मैत्री इतक्या गोष्टी टांगलेल्या आहेत. मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. कुस्ती मीं दुरूनच पाहिली, आणि तीहि फार वेळ नाहीं. तरी गेल्या पावसाळ्यापासून चिरंजीव मला जेवतांना विचारतात, "बाबा, शाप द्यायला किती वेळ लागावा?" आणि मी घांस हातांत धरून खरोखरच विचार करूं लागतों.

हकीकत थोडक्यांत अशी. मुलानें चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि दोघां मित्रांबरोबर लढाईचा एक खेळ करावयास घेतला. आम्ही अंबरनाथचे, एक भागीदार उल्हासनगरचा, दुसरी बदलापूरची. लोकलगाडीच्या हिशेबानें हें सारें साम्राज्य दोन स्टेशनांच्या अंतराचें आहे. उल्हासनगरच्या एका गाळ्याच्या माडीवर काम चालतें. खालीं दिवसभर शिलाईयंत्रांची घरघर, वर पडद्यावर हाणामारी. खेळांत सात लढवय्ये आहेत. त्यांत मावळा आहे, कोळीण आहे, पैलवान आहे, दांडपट्टा फिरविणारी एक बाई आहे आणि एक संन्यासी आहे. प्रत्येकाला आपापले पंथ आहेत. म्हणजे पैलवान तोच, पण त्याची तालीम कोणती हें खेळणारानें निवडावयाचें, आणि निवडीप्रमाणें त्याचे डाव बदलतात. संन्याशाला दोन पंथ होते. तिसरा हवा होता, आणि तो वेगळा विकावयाचा होता.

इंग्रजींत या ठिकाणीं जो शब्द वापरतात त्याचा अर्थ नुसती वाट. मराठींत 'पंथ' म्हटलें कीं वाट आली, गुरु आला, मठ आला, गंध लावण्याची रीत आली आणि शेजारच्या पंथाशीं भांडणहि आलें. 'आखाडा' हा दुसरा तसाच शब्द. मल्लांची माती तीहि आखाडा, आणि सिंहस्थांत त्र्यंबकेश्वराला शाही स्नानासाठीं उतरणाऱ्या संन्याशांचा संघ तोहि आखाडा. ज्या भाषेनें तालीम आणि संन्यास एकाच शब्दांत कोंबला, त्या भाषेंत लढणारा संन्यासी ही परकी कल्पना कशी असेल? म्हणूनच मुलानें पहिल्यांदां विचारलें तेव्हां मीं हंसण्यावारीं नेलें नाहीं.

ज्या वाचकांचीं मुलें अजून या खेळांना लागलीं नसतील, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात. दोघांच्या डोक्यावर आयुष्याची एकेक पट्टी असते. मार बसला कीं ती आखूड होते, आणि जिची आधीं संपली तो हरला. सेकंदाला साठ चित्रें या वेगानें हें सारें हलत असतें. आतां प्रत्येक फटक्याचे तीन भाग पडतात. मी त्यांना उगारणें, लागणें आणि सांवरणें अशीं नांवें दिलीं, आणि आतां तिघेहि तींच वापरतात. ज्या ठोशाला उगारण्यांत चार चित्रें लागतात तो झटपट ठोसा. माणसाच्या डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद, म्हणजे पंधरा चित्रें, निघून जातात, तेव्हां असा ठोसा पाहून कोणी अडवूं शकत नाहीं. तो ओळखावा लागतो. पंचवीस चित्रें उगारलेला फटका मात्र येतांना दिसतो. आणि सांवरणें हा तर खरा जमाखर्च. फटका हुकला, हात लांब राहिला, तो मागें घेईपर्यंत समोरच्यानें तुम्हांला धुवून काढलेलें असतें. मोठ्या फटक्याला मोठें सांवरणें, हें या शास्त्राचें पहिलें सूत्र.

तोल साधणें म्हणजे हीं चित्रें अशीं वांटणें कीं सातांपैकीं कोणीहि घेतला तरी शहाण्या खेळणाराला जिंकण्याची आशा असावी. सर्वांना सारखेच हात देऊन तोल फार सोपेपणीं साधतां येतो. पण मग सात लढवय्ये कशाला? सात अंगरखे पुरेत. माणसें वेगळीं असावींत आणि तरी सामना चुरशीचा व्हावा, यांत सारी कसोटी आहे.

मला या बाबतींत पहिला धडा बुद्धिबळानें दिला. ज्याला आपण उंट म्हणतों त्याला इंग्रज बिशप म्हणतात, म्हणजे धर्मगुरु. फ्रेंचांनीं त्यालाच विदूषक केलें. कोणत्या राष्ट्राला तिरपें चालणारा प्राणी कोणता वाटतो, हा एक वेगळाच विषय आहे, असो. पण इंग्रजांचा हा धर्मगुरु पहा. तो पटाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत एका दमांत जातो. घोड्याला तें साधत नाहीं. मात्र ज्या रंगाच्या घरांत तो जन्मला तो रंग त्याला मरेपर्यंत सोडतां येत नाहीं. अर्धा पट त्याला कायमचा निषिद्ध आहे. आणि म्हणूनच इतका लांब पल्ला असूनहि त्याचें मोल घोड्याइतकेंच, तीन प्याद्यांच्या आसपास, धरतात. चौसष्ट घरांच्या पटावरचा एकमेव संन्यासी, आणि त्याची शक्ति व त्याचें व्रत एकाच नियमांत बसविलेलें! हें मीं मुलाला सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हणजे संन्याशाला काय करतां येत नाहीं, तें आधीं ठरवायचें." माझ्या व्याख्यानांतून विद्यार्थी इतक्या लवकर कांहीं उचलीत नाहींत.

उल्हासनगरच्या मित्राला ही गोष्ट पुस्तकाशिवाय ठाऊक होती. त्याचे आजोबा फाळणीनंतर सिंध सोडून कल्याणजवळच्या लष्करी छावणींत आले. त्या छावणीला १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालें, पण लोक अजून पत्ता सांगतात तो कॅम्पाचाच. त्याच्या वडिलांचें दुकान होतें. तेथें टी. व्ही. ला जोडावयाचे खेळ आणि त्यांच्या कॅसेटी मिळत. एका कॅसेटींत हजारों खेळ असल्याचें वेष्टनावर छापलेलें असे, आणि घरीं नेऊन पाहावें तों पांचपंचवीसच नांवें बदलून पुन्हा पुन्हा येत. दुकानाच्या मागच्या खोलींत पोरें पैसे टाकून लढत. या मुलाचें सारें शिक्षण तेथें झालें असें त्याचें म्हणणें. माझ्या वर्गांतहि तो दोन वर्षें बसला होता, पण त्याविषयीं तो कांहीं बोलत नाहीं.

त्यानेंच मला धालसिमची ओळख करून दिली. 'स्ट्रीट फायटर' या जपानी खेळाच्या १९९१ सालच्या दुसऱ्या भागांत हा हिंदुस्थानी योगी आहे. तसें नांव आपल्याकडे कोणाचें मीं ऐकलें नाहीं. गळ्यांत कवट्यांची माळ, तोंडांतून ज्वाळा, आणि हातपाय रबरासारखे लांबतात. पाहून प्रथम मला राग आला. विलायती चित्रांतले गारुडी आणि हत्ती आठवले, आणि हत्ती तर त्याच्या मागें खरोखरच उभे होते. पण मित्रानें सांगितलें कीं त्या कवट्या गांवांत सांथीनें गेलेल्या मुलांच्या आहेत, आणि हा लढतो तो गांवासाठीं पैसा जमवावा म्हणून. त्याला बायको आहे, मुलगा आहे, आणि मुलाचें नांव दत्त! जपानांतल्या चित्रकारांना प्रापंचिक योग्याची कल्पना सुचावी आणि त्याच्या घरीं दत्तानें जन्म घ्यावा, हा योगायोग असेल. पण महाराष्ट्रांतल्या माणसाचा राग तेवढ्यानें निवतो.

मग मित्रानें त्याच्या लांब हाताचें मर्म दाखविलें. धालसिम दुरून मारतो, दुसऱ्या कोणाचा हात इतका पोंचत नाहीं. परंतु तो लांबलेला हात हवेंत असतांना त्या हातावरच मारतां येतें. जितकें लांब पोंचावें तितकें आपलें अंग उघडें पडतें. शिवाय तो मंद आहे, आणि कोणी जवळ येऊन भिडला कीं कासावीस होतो. याच्या उलट उदाहरण १९९४ सालीं त्याच खेळांत आलेल्या अकुमाचें. हाहि एकान्तांत राहणारा, पण त्याची साधना केवळ शक्तीसाठीं. तो हवेंतून तिरपे अग्निगोळे सोडी, आणि त्यांना बऱ्याच लढवय्यांपाशीं उत्तरच नव्हतें. शेवटीं स्पर्धांतून त्याला वर्ज्य करावें लागलें. आपल्या पुराणांतल्या असुरांची गत याहून वेगळी नाहीं. तपश्चर्या तेहि करतात, आणि वर मागून घेतांना हिरण्यकशिपूसारखे एकेक कलम वकिलासारखें घालतात. मग त्या कलमांच्या फटींतून नरसिंहाला यावें लागतें. ज्यानें वर दिला त्यानेंच तोल आधीं पाहिला असता तर एक अवतार वांचता.

आमच्या खेळांतला संन्याशाचा पहिला पंथ सरळ धालसिमच्या वळणाचा, ज्वाळा सोडणारा होता. दुसरा गोसाव्यांचा, त्याला थोडा मी कारण आहें. लढणारा संन्यासी ही नुसती कविकल्पना नव्हे, हें मुलाला दाखवावें म्हणून मीं त्याला दशनामी गोसाव्यांची हकीकत सांगितली होती. गिरि, पुरी, भारती अशा दहा नांवांचे हे संन्यासी अठराव्या शतकांत फौजा बाळगून होते. अनुपगिरि गोसावी, ज्याला हिंमतबहादूर हा किताब होता, १७६१ सालीं पानिपतावर आपले नागे घेऊन उतरला तो शुजाउद्दौल्याच्या बाजूनें, म्हणजे आपल्या विरुद्ध. पुढें तोच महादजी शिंद्यांच्या पदरीं दिसतो आणि १८०३ सालीं इंग्रजांना मिळतो. गोसावी व्यापार करीत, सावकारी करीत. पुण्याच्या सोमवार पेठेंतलें त्रिशुंड गणपतीचें सुंदर देऊळ भीमगिरजी गोसाव्यानेंच बांधविलेलें आहे. मुलाला ही हकीकत फार आवडली. त्यानें दुसऱ्या पंथाच्या संन्याशाला चिमटा आणि त्रिशूळ देऊन जबरदस्त मारका केला. तो मारका आहे, पण खरें सांगावयाचें तर तो भगव्या कपड्यांतला शिपाई आहे. त्याच्या संन्यासाचा त्याच्या लढण्याशीं संबंध नाहीं. तिसऱ्या पंथांत तो असावा, एवढीच माझी अट होती.

याच सुमारास एक निराळीच अडचण उपटली. आमच्या शेजारीं येथल्या आयुध कारखान्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. माणूस प्रेमळ, वाचनहि बरें. त्यांनीं एकदां पडद्यावर संन्याशाला पैलवानाकडून मार खातांना पाहिलें आणि ते गंभीर झाले. "प्रोफेसरसाहेब, साधूला लाथा बसतांना दाखवायचें? लोक काय म्हणतील?" प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. आजकाल लोक पुष्कळ गोष्टींना पुष्कळ कांहीं म्हणतात, आणि तीन पोरांच्या धंद्याला तेवढें पुरतें. मुलगा तर धास्तावलाच. संन्यासी हरूंच नये असा केला तर तक्रार मिटेल, असें त्याच्या मनांत घोळूं लागलें. वर आणखी एक विचार त्याला चिकटला: नवा पंथ लोकांनीं पैसे मोजून घ्यावयाचा आहे, पैसे देऊन घेतलेली वस्तु दुबळी निघाली तर कोण घेईल?

मीं शेजाऱ्यांना वाल्मीकींच्या बालकांडाची आठवण दिली. राजा विश्वामित्र सारीं अस्त्रें घेऊन वसिष्ठांवर तुटून पडतो, आणि वसिष्ठ काय करतात? हातांतला दंड पुढें धरून उभे राहतात. येईल तें अस्त्र तो दंड गिळून टाकतो, ब्रह्मास्त्रसुद्धां. वसिष्ठ उलट एकहि घाव घालीत नाहींत. पुढें विश्वामित्र तपाला बसतो, आणि त्याची सारी कथा ही जमा आणि खर्चाची कथा होते. त्रिशंकूसाठीं वेंचलें, मेनकेपायीं दहा वर्षें गेलीं, आणि रंभेला शाप देऊन शिळा केली तेव्हां तर क्रोधाबरोबर जमलेलें तपच गेलें. शाप लागला खरा, पण देणारा रिकामा झाला. असा ऋषि वारंवार हरतो म्हणून त्याचा अपमान झाला असें कोणाला वाटलें आहे? उलट मला वाटतें, जो हरूंच शकत नाहीं त्या संन्याशाचें तप पाहावयाला कोणी थांबणार नाहीं. त्याला तपाची गरजच काय?

शेजाऱ्यांनीं मान हलविली; पटली म्हणून कीं भिडेनें, हें सांगतां येत नाहीं. पण मुलानें त्याच रात्रीं वही काढली.

लढाईच्या खेळांतून आयुष्याच्या पट्टीखालीं आणखी एक पट्टी असते; मारतां मारतां ती भरते आणि भरली कीं एक मोठा डाव टाकतां येतो. मुलानें ती उलटी केली. इतरांची पट्टी मारल्यानें भरते, संन्याशाची न मारल्यानें भरावी. तिला त्यानें तेज असें नांव दिलें. पुरतें तेज जमलें कीं शाप. शापानें समोरच्याचें तिसरा हिस्सा आयुष्य जावें. कागदावर हें फारच सुरेख दिसलें. प्रत्यक्ष खेळतांना संन्याशानें जें केलें तें पाहून माझी मलाच लाज वाटली. तो पळत सुटला. या कोपऱ्यांतून त्या कोपऱ्यांत उड्या मारीत राहावयाचें, कोणाच्या हातीं लागावयाचें नाहीं, तेज जमवावयाचें आणि शाप देऊन पुन्हा पळावयाचें. दहांत सात सामने त्यानें असे जिंकले. तप राहिलें बाजूला, ती शिवाशिवी झाली. मी शापाची किंमत वाढवून पाहिली: शाप दिला कीं सारें तेज तर जावेंच, वर कांहीं काळ दंड धरण्याची शक्तीहि जावी, रंभेच्या प्रसंगाप्रमाणें. तो कमी जिंकूं लागला, पण पळणें थांबेना.

गुंता सोडविला तो बदलापूरच्या मुलीनें, आणि तोहि नियमांचा विचार करून नव्हे. ती चित्रें काढते. लढाईची एक जागा म्हणून अंबरनाथच्या शिवालयाचें अंगण घ्यावयाचें ठरलें होतें, त्यासाठीं ती आठ दिवस देवळांत जाऊन बसत होती. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें हें शिलाहारांचें देऊळ. बाहेरून इतकें कोरलेलें कीं डोळा ठरत नाहीं, आणि गाभाऱ्यांत जावयाचें तर पायऱ्या उतरून खालीं काळोखांत जावें लागतें. शेजारून वालधुनी वाहते. तिचें पाणी आतां पाहावत नाहीं, आणि मुलीनें चित्रांत तें निर्मळ दाखविलें नाहीं, हें मला आवडलें. संन्याशाला तिनें फुगीर दंड द्यावयाचें साफ नाकारलें होतें. बरगड्या दिसणारा, उंच, किंचित् वांकलेला असा तिचा संन्यासी आहे. एकदां तिनें त्याला पैलवानाच्या अगदीं पुढ्यांत, हात खालीं सोडून उभा काढला आणि ती म्हणाली, "काका, हा लांब उभा असला कीं गरीब वाटतो. एवढा जवळ येऊन मारत नाहीं, म्हणून भीति वाटते."

झालें! तेज भरावें तें समोरच्याच्या हाताच्या टप्प्यांत असतांनाच. बाहेर गेल्याबरोबर भरणें थांबावें. नियम एवढाच बदलला. पण दुसऱ्या दिवशीं पडद्यावर जो दिसला तो खरोखर निराळा माणूस होता. तो पळत नाहीं; तो पुढें येतो. मार बसेल अशा जागीं येऊन उभा राहतो आणि हात उगारीत नाहीं. दंड नेमक्या क्षणीं धरला तर आलेला घाव तेजांत जमा होतो, चुकला तर बरगड्यांत बसतो. समोरचाहि पेंचांत पडतो: मारावें तर दंड आहे, थांबावें तर तेज भरतें आहे, मागें सरावें तर जमीन जाते. पहिल्यांदां पाहिलें तेव्हां खालचीं शिलाईयंत्रें बंद झालीं आहेत असा मला भास झाला.

तोल मात्र अजून नव्हता. दंड धरण्याला पांच चित्रांची मुभा होती; म्हणजे एका सेकंदाचा बारावा हिस्सा. उल्हासनगरच्या मित्राच्या हातीं हा संन्यासी अजिंक्य होई, आणि माझ्या हातीं तो केवळ एक दुर्दैवी वृद्ध होता. तज्ज्ञाला साधेल पण नवख्याला नाहीं, हीहि तोलाचीच खोट. मुभा आठ चित्रांवर नेली तर नवखा सुखावे, पण तज्ज्ञ डोंगराएवढा होई. शेवटीं मुभा आठच ठेवली, पण हुकलेल्या दंडाला भारी सांवरणें लावलें. नुसता आशेनें दंड पुढें धरून बसणाऱ्याला मग शिक्षा मिळूं लागली.

खरें भांडण झालें तें यानंतर, आणि तें चित्रांवरून झालें नाहीं. मुलाचें म्हणणें, विक्रीच्या पहिल्या महिन्यांत हा पंथ थोडा वरचढ ठेवावा, मग हळूच कमी करावा. असें करणारे पुष्कळ आहेत, आणि पैसे देऊन विकत घेतलेल्या बळाविरुद्ध खेळणारांची ओरडहि तितकीच जुनी आहे. मित्रानें नाहीं म्हटलें. ज्याच्या वडिलांचा पैसा बुडावयाचा तोच नाहीं म्हणतो, हें मुलाला समजेना. मित्राचें कारण त्याच्या दुकानांतलें होतें: मागच्या खोलींत एकदां असा एक खेळ आला होता कीं त्यांत एक लढवय्या घेतला म्हणजे जिंकलेंच, पहिले दोन दिवस पोरांची रांग लागली आणि तिसऱ्या दिवशीं खोली रिकामी. "सर, एकदां विकलेला माल परत आला कीं गिऱ्हाईक पण जातो," असें तो मला म्हणाला. मुलगा म्हणाला, हा व्यापार आहे, तत्त्व नव्हे. मला तर या प्रसंगीं दोहोंत भेद दिसेना, आणि तसें मीं जेवतांना स्पष्ट सांगितलें. परिणाम असा झाला कीं चिरंजीव चार दिवस उल्हासनगरला गेले नाहींत आणि माझ्याशींहि बेताचेंच बोलले. नोकरी सोडतांना त्यानें आईला सांगितलेली मुदत संपत आली होती, हें त्याच्या मनांत होतें; तें तो बोलला नाहीं, आणि आम्हींहि काढलें नाहीं. संध्याकाळीं गच्चींत उभा राहून तो मलंगगडाकडे पाहत असे. पांचव्या दिवशीं मित्राचा फोन आला. काय बोलणें झालें कोण जाणे, पण सकाळच्या गाडीला तो गेला, आणि वरचढ ठेवण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाहीं.

मागच्या रविवारीं आमच्याकडे पांचपंचवीस ओळखीच्या मुलांना बोलावून परीक्षा घेतली. दिवसभर सामने चालले. संन्यासी निम्म्याहून थोडे कमी जिंकला. मित्राच्या मतें हें उत्तम, मुलाच्या मतें जेमतेम. संध्याकाळीं शेजारचे गृहस्थ नातीला न्यावयास आले, ते बसलेच. त्यांनीं संन्यासी घेतला, नातीनें कोळीण. पोरीनें जाळें टाकून त्यांना दोनदां खेंचलें. त्यांचा दंड दर वेळीं अंमळ उशिरां पुढें आला, आणि आयुष्याची पट्टी संपली. इतर लढवय्ये हरले कीं पालथे पडतात. बदलापूरच्या मुलीनें संन्याशाला पाडलें नाहीं. तो दंड बाजूला ठेवतो, मांडी घालून खालीं बसतो आणि डोळे मिटतो. पडदा काळा होईपर्यंत तसाच बसून राहतो. शेजारी क्षणभर त्या बसलेल्या आकृतीकडे पाहत राहिले. मग चष्मा पुसून म्हणाले, "परत लाव ग."

आतां एकच आंकडा उरला आहे. शाप दिल्यावर सांवरण्यासाठीं संन्याशाला सध्यां चाळीस चित्रें लागतात. मित्राला छत्तीस हवींत, मुलगा चाळिसांवर अडून बसला आहे, आणि बदलापूरची मुलगी म्हणते कीं शापानंतर त्याच्या चेहऱ्यावर जो थकवा तिनें काढला आहे तो नीट दिसावयाचा तर पंचेचाळीस तरी पाहिजेत. मला विचारतात तेव्हां मी तिच्या बाजूनें मत देतों; पण कंपनींत माझा भाग नसल्यामुळें तें धरीत नाहींत.